शॉक सैल केला म्हणून स्प्रिंग मऊ होत नाही

अमेरिकेत गावाकडे थोडीफार जमीन असलेल्या घरांत मुलांसाठी घेतलेली छोटी एटीव्ही ही काही नवलाईची वस्तू नाही. 50 ते 110 सीसीचं इंजिन, चार फुगीर टायर आणि अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल. तिच्याबद्दलची तक्रारही ठरलेली असते: गाडी फार दणके देते, पोर सीटवरून उडतं. त्यावर शेजारी, मेकॅनिक आणि घरातले जाणकार देतात तो सल्लाही तितकाच ठरलेला: ‘शॉकचा प्रीलोड सैल करा, स्प्रिंग मऊ होईल.’

होत नाही. कितीही वेळा सांगितलं तरी हा समज हटत नाही, म्हणून तो एकदा नीट उलगडून पाहायला हवा.

स्प्रिंग किती कडक हे ठरतं तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर, वेटोळ्यांच्या संख्येवर आणि पोलादाच्या गुणधर्मावर. प्रीलोडची चकती फिरवून यांतलं काहीही बदलत नाही. गाडी उचलून चाकं मोकळी लोंबत असतानाही स्प्रिंग आधीच किती दाबलेली असावी, एवढंच ती चकती ठरवते. 1 सेंटिमीटर दाबायला 5 किलो भार लागणारी स्प्रिंग चकती वर असो की खाली, पुढच्या प्रत्येक सेंटिमीटरला 5 किलोच मागते.

मग प्रीलोड सैल केल्यावर फरक जाणवतो, तो काय भास असतो? भास नाही. कारण मात्र वेगळं आहे. हीच स्प्रिंग शॉकमध्ये 4 सेंटिमीटर दाबून बसवली, तर 20 किलोपर्यंतचा भार ती जागची न हलता पेलते. सहा वर्षांचं मूल साधारण 20 किलोचं. गाडी आणि मूल मिळून त्या एका शॉकवर 15 किलोच भार येत असेल, तर शॉक पूर्ण ताठ राहतो. छोटा दगड आला की धक्का थेट मुलाच्या कमरेत जातो. खड्डा आला तर चाकाला खाली उतरायला जागाच नसते, कारण शॉक आधीच पूर्ण उघडलेला असतो. प्रीलोड 2 सेंटिमीटरवर आणला की स्प्रिंग 10 किलोलाच हलू लागते, 15 किलोखाली 1 सेंटिमीटर बसते आणि चाकाला वर-खाली दोन्हीकडे वाव मिळतो. मुलाला जाणवतो तो हा वाव. स्प्रिंग होती तेवढीच कडक असते.

हा फरक कळला नाही तर पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात. चकती शेवटच्या खाचेपर्यंत सैल करूनही गाडी दणके देतच असेल, तर आणखी फिरवायला काही उरत नाही. तिथे कमी ताकदीची स्प्रिंगच बसवावी लागते.

ओळखायचं कसं? मोजून. गाडीचा मागचा भाग टायर जमिनीवरून सुटण्याच्या बेतात येईपर्यंत उचलायचा आणि ॲक्सलपासून मडगार्डवरच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत अंतर मोजायचं. गाडी खाली ठेवून, सीट दोन-चारदा दाबून, हेल्मेट-बुटांसह मुलाला बसवायचं आणि तेच अंतर पुन्हा मोजायचं. दोन्ही मापांतला फरक चाकाच्या एकूण चालीच्या, म्हणजे वर-खाली होण्याच्या अंतराच्या, पाव ते एक तृतीयांश असावा, हा सर्वसाधारण ठोकताळा आहे. चाल 6 सेंटिमीटर असेल, तर दीड ते दोन सेंटिमीटर. गाडी जवळजवळ बसतच नसेल तर ती कडक आहे. निम्म्याहून जास्त बसत असेल तर ती जरुरीपेक्षा मऊ आहे, आणि अशी गाडी मोठ्या खड्ड्यात शॉकच्या तळापर्यंत जाऊन आपटते. तो दणका सगळ्यांत वाईट.

स्प्रिंगला हात लावण्याआधी तपासायच्या दोन गोष्टी आहेत. पहिली हवा. अमेरिकेच्या मानकात एटीव्हीची ओळखच कमी दाबाच्या, म्हणजे 10 पीएसआयपर्यंतच्या टायरवरून होते. मुलांच्या छोट्या गाड्यांना बहुधा 2 ते 5 पीएसआय पुरते. मोटारीला 30 च्या पुढे लागते. टायरवर छापलेला मोठा आकडा बऱ्याचदा टायर रिमवर बसवतानाची कमाल मर्यादा सांगतो. चालवतानाची हवा मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरच्या लेबलवर असते. 120 किलो एकूण वजन चार चाकांवर सारखं वाटलं आणि टायरचा स्वतःचा ताठपणा हिशेबातून वगळला, तर 3 पीएसआयला प्रत्येक टायर साधारण 140 चौरस सेंटिमीटर जमीन धरतो, 10 पीएसआयला जेमतेम 43. इतका ताणलेला टायर दगडावर दबतच नाही. मोटारीच्या गेजवर 3 आणि 5 मधला फरक कळत नाही. त्यासाठी कमी दाबाचा वेगळा गेज घ्यावा आणि टायर थंड असताना मोजावं. लेबलवरच्या आकड्याखालीही जाऊ नये: वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. डाव्या-उजव्या चाकांत हवा कमी-जास्त असेल तर गाडी एका बाजूला ओढते.

दुसरी गोष्ट बुश, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आर्मच्या सांध्यातली बाही. पुढचा भाग स्टँडवर उचलून शॉकचा खालचा बोल्ट काढावा आणि चाकाचा आर्म हाताने वर-खाली करून पाहावा. तो फारसा जोर न लावता हलायला हवा आणि सोडला की आपल्या वजनाने खाली यायला हवा. मध्येच अडकून राहिला, तर बुशमध्ये चिखल साचलाय, ग्रीस सुकलंय किंवा बोल्ट जास्त आवळलाय. असा आर्म जगातल्या सगळ्यांत मऊ स्प्रिंगलाही हलू देत नाही. धातूची बाही पुसून ग्रीस लावलं की फरक लगेच कळतो. बुश रबरी असेल तर मात्र साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगून खराब होतं. महाराष्ट्रात फार्महाऊससाठी ऑनलाइन मागवल्या जाणाऱ्या छोट्या एटीव्हींनाही हे सगळं जसंच्या तसं लागू आहे.

बाकीचे समज थोडक्यात.

‘स्प्रिंगची दोन वेटोळी कापली की ती मऊ होते.’ नेमकं उलट. आठाची सहा केली की स्प्रिंग सुमारे 33 टक्के कडक होते.

‘शॉक जास्त तिरका बसवावा.’ चाकापाशी कडकपणा खरोखरच कमी होतो, पण त्यासाठी घरी वेल्डिंग केलेली पट्टी तुटली तर चाकच लोळतं.

‘सीटवर जाड फोम टाकावा.’ त्याने मूल उंचावर बसतं आणि गाडी उलटणं सोपं होतं. पायदानावर उभं राहिल्यावर मूल आणि सीट यांच्यात 7 ते 15 सेंटिमीटर अंतर हवं. खडबडीत जागी गुडघे वाकवून उभं राहायला शिकवणं हा फोमपेक्षा चांगला उपाय.

‘मोठी गाडी घ्यावी, पोर वाढेल तसं उपयोगी पडेल.’ मोठ्या गाडीची स्प्रिंग जड माणसासाठी असते. 20 किलोच्या मुलाला ती आणखी कडक लागते.

‘मागे बाबा बसले की गाडी छान चालते.’ मुलांची एटीव्ही एकाच स्वारासाठी बनवलेली असते, तसा इशारा गाडीवरच लिहिलेला असतो.

सगळ्यांत घातक समज म्हणजे मऊ गाडी ती सुरक्षित गाडी. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था 16 वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवूच नये असं सांगते. या गाड्यांतला मोठा धोका उलटण्याचा असतो, आणि शॉक कितीही मऊ केला तरी तो जात नाही. तरीही गाडी घ्यायचं ठरलंच असेल, तर वयाचं लेबल पाळायलाच हवं. सहा वर्षांपुढच्या मुलांच्या ‘वाय-6+’ गटात कमाल वेग ताशी 15 मैल असतो आणि वेगमर्यादक लावून तो 10 मैलांवर आणता येतो. 15 वरून 10 वर आलं की गाडीची गतिज ऊर्जा निम्म्याहूनही कमी, म्हणजे 44 टक्क्यांवर येते आणि त्याच खड्ड्यातला दणकाही बराच उतरतो. बऱ्याच गाड्यांत हा मर्यादक म्हणजे थ्रॉटलपाशी असलेला एक स्क्रू असतो. हवा आणि बुश तपासून झाले की नवी स्प्रिंग मागवण्याआधी तो फिरवून पाहावा.