मोटारगाडी, भाड्याची
मोटारगाडी, भाड्याची : ठराविक काळासाठी वा अंतरासाठी मोबदला देऊन वापरावयास घेतलेली मोटारगाडी. हा व्यवहार मुख्यतः दोन प्रकारे होतो : चालकासह गाडी घेणे आणि केवळ गाडी घेऊन ती स्वतः चालविणे. पहिल्या प्रकारात भाडेकरू हा फक्त प्रवासी असतो. दुसऱ्यात तो चालकही होतो. भाड्याच्या रकमेपेक्षा हा भेद अधिक महत्त्वाचा आहे. कारण परवाना, विमा आणि अपघाताची जबाबदारी या गोष्टी त्यावर अवलंबून असतात. परदेशी प्रवाशाच्या बाबतीत तर हा भेद विशेषच जाणवतो.

इतिहास : स्वतः चालविण्यासाठी गाड्या भाड्याने देण्याचा धंदा अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झाला. वॉल्टर जेकब्स याने १९१८ मध्ये शिकागो येथे फोर्ड कंपनीच्या सु. बारा ‘मॉडेल टी’ गाड्यांवर व्यवसाय उभारला. तो १९२३ मध्ये जॉन हर्ट्‌झ याने विकत घेतला. १९४६ मध्ये वॉरन एव्हिस याने डिट्रॉइटजवळच्या विमानतळावर गाड्या उपलब्ध केल्या व विमानप्रवासाशी या धंद्याची सांगड घातली. रशियात सोव्हिएट राजवटीनंतर हा व्यवसाय वाढला. पुढे मॉस्कोत मिनिटांच्या हिशोबाने गाडी देणाऱ्या सेवाही सुरू झाल्या. भारतात मात्र चालकासह गाडी घेण्याचीच प्रथा दीर्घकाळ रूढ राहिली.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ अनुसार चालकाखेरीज सहापर्यंत प्रवासी वाहून नेणारे भाड्याचे वाहन ‘मोटार कॅब’ ठरते. त्यास परवाना आवश्यक असतो आणि त्याच्या क्रमांकाची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. अधिनियमाच्या ७५ व्या कलमान्वये केंद्र शासनाने १९८९ मध्ये ‘रेंट-अ-कॅब’ योजना जारी केली. मूळ योजनेत अनुज्ञप्तीसाठी किमान ५० गाड्यांची अट होती. स्वतः चालविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या या गाड्यांची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. मोटारसायकलींसाठी स्वतंत्र योजना १९९७ मध्ये आली. खासगी गाडीची पाटी पांढरी असते. अशी गाडी भाड्याने देणे हा परवान्याविना केलेला व्यवसाय होय. विमापत्रात भाड्याने वापर वगळलेला असल्यास विमा कंपनी अधिनियमाच्या १५० व्या कलमाच्या आधारे जबाबदारी नाकारू शकते. म्हणूनच पाटीचा रंग ही केवळ बाह्य खूण नसून प्रवाशाच्या संरक्षणाची पहिली कसोटी आहे.

नासिकमधील व्यवहार : नासिकमध्ये या धंद्याचा मुख्य आधार तीर्थयात्रा हा आहे. रेल्वेने येणारा प्रवासी शहरापासून सु. ९ किमी.वरील नासिक रोड स्थानकावर उतरतो. त्र्यंबकेश्वर सु. ३० किमी., वणीचा सप्तशृंगी गड सु. ६० किमी. व शिर्डी सु. ९० किमी. अंतरावर आहे. ही स्थाने वेगवेगळ्या दिशांना असल्याने कुटुंबासह आलेले यात्रेकरू दिवसभरासाठी ‘स्पेशल’ गाडी ठरवितात. एकट्यादुकट्याला सीटप्रमाणे भाडे देऊन सामायिक गाडीने जाता येते. शहरातल्या फेरीसाठी आठ तास व ८० किमी. असा एकत्रित दर बहुधा असतो. बाहेरगावी दर किमी.मागे आकारणी होते, परंतु दिवसाचे किमान अंतर (बहुधा २५० ते ३०० किमी.) गृहीत धरले जाते. त्यामुळे जवळच्या स्थळासाठी बाहेरगावचा दर महाग पडतो. अंतर बहुधा गाडीच्या ठिकाणापासून परत तेथपर्यंत मोजतात. पथकर, वाहनतळाचे शुल्क व चालकाचा भत्ता बहुधा वेगळा द्यावा लागतो. सिंहस्थ कुंभमेळ्यात ही व्यवस्था बदलते. २०१५ च्या पर्वण्यांच्या वेळी बाहेरची वाहने शहराबाहेरील वाहनतळांवर थांबवून यात्रेकरूंना एस. टी. बसगाड्यांनी आत आणण्यात आले.

द्राक्षबागा व मद्यनिर्मितीशालांमुळे नासिककडे दुसऱ्या प्रकारचा पर्यटकही येऊ लागला. १०० मिलि. रक्तात ३० मिग्रॅ.पेक्षा अधिक अल्कोहॉल असताना वाहन चालविणे गुन्हा असल्याने अशा सहलीसाठी चालकासह गाडी हाच निर्धोक मार्ग ठरतो.

रशियन प्रवासी : ओझर येथे १९६४ मध्ये सोव्हिएट सहकार्याने मिग विमानांचा कारखाना उभारण्यात आला. त्यामुळे रशियन तंत्रज्ञांशी नासिकचा संबंध जुना आहे. मात्र रशियन पर्यटकांचा ओघ प्रामुख्याने गोव्याकडे असतो. तेथे स्वतः चालविण्यासाठी गाडी वा दुचाकी घेण्याची प्रथा सर्वत्र आढळते. अशा प्रवाशाला प्रथम वाहतुकीच्या बाजूची सवय बदलावी लागते : रशियात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, भारतात डाव्या. दुसरी अडचण कागदपत्रांची आहे. आंतरराष्ट्रीय वाहनचालन परवाना १९४९ च्या जिनीव्हा करारानुसार किंवा १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिला जातो. रशिया दोन्ही करारांत सामील आहे; भारत केवळ पहिल्यात. म्हणून प्रवाशाजवळचा परवाना कोणत्या नमुन्याचा आहे हे आधीच पाहणे आवश्यक असते. हा परवाना मूळ अनुज्ञप्तीबरोबरच ग्राह्य असतो. तिसरी अडचण अनामतीची. रशियन बँकांनी दिलेली व्हिसा व मास्टरकार्ड पत्रे मार्च २०२२ पासून देशाबाहेर चालत नाहीत. त्यामुळे अनामत बहुधा रोख द्यावी लागते. त्याची पावती नसल्यास गाडी परत करताना झालेल्या वादात प्रवाशाची बाजू लंगडी पडते.

उलट दिशेने रशियात जाणाऱ्या महाराष्ट्रीय प्रवाशालाही उजव्या बाजूच्या वाहतुकीचा प्रश्न असतोच. भारतात आंतरराष्ट्रीय परवाना प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो व तो एक वर्ष ग्राह्य असतो.

दक्षता : गाडी ताब्यात घेताना पाटीचा रंग, परवाना, विमापत्र व योग्यता-प्रमाणपत्र पाहावे, पूर्वीचे ओरखडे व पोचे छायाचित्रांसह नोंदवावेत, इंधन, अंतरमर्यादा आणि अपघातात प्रवाशाने सोसावयाची रक्कम लेखी ठरवावी. चालकासह गाडी घेतल्यास वाहनाच्या कागदपत्रांचा व चालविण्याचा भार परवानाधारक व चालक यांच्यावर राहतो. स्वतः चालविल्यास त्याचा मोठा भाग प्रवाशावर येतो. स्वस्त दराने मिळालेली पांढऱ्या पाटीची गाडी या दोन्ही व्यवस्थांच्या बाहेर पडते. तिच्यात वाचलेले भाडे एका अपघातात अनेकपटींनी भरावे लागण्याचा धोका असतो.