एका गुंठ्याचा एक ठिपका

दर पाच दिवसांनी, सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, आपल्या प्रत्येक शेताचा आणि ओढ्याचा फोटो निघतो. कुणी सांगितलेलं नसतं, कुणी पैसे घेत नाही. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ मालिकेतले उपग्रह ७८६ किलोमीटर उंचीवरून उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात. पुणे ते कोल्हापूर हे अंतर ते साधारण अर्ध्या मिनिटात मागे टाकतात आणि जाता जाता २९० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतात. त्या चित्रातला सगळ्यात लहान ठिपका जमिनीवर १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतो. म्हणजे बरोबर एक आर, आणि जुन्या मापात जवळजवळ एक गुंठा! सातबारावर जमीन ज्या मापात लिहितात, त्याच मापात ती आकाशातून दिसावी हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो फार आवडतो. एकरभर ऊस म्हणजे चाळीस ठिपके.

खरी गंमत रंगांची. हा उपग्रह तेरा रंग वेगवेगळे नोंदवतो आणि त्यातले कित्येक माणसाच्या डोळ्याला दिसतच नाहीत. तांबड्याच्या पलीकडचा, जवळचा अवरक्त प्रकाश घ्या. पान तांबडा आणि निळा प्रकाश अन्न बनवायला वापरतं. अवरक्तात मात्र तेवढी ताकद नसते, त्याने अन्न शिजत नाही. पानाच्या आतल्या सच्छिद्र पेशींमध्ये तो इकडून तिकडे आपटतो आणि जवळपास निम्मा बाहेर फेकला जातो. हा प्रकाश आपल्याला दिसत असता तर उसाच्या फडाकडे बघताना डोळे दिपले असते. पाण्याचं वागणं नेमकं उलटं. निवळ पाणी हातभर खोलीतच त्यातला बहुतेक भाग गिळून टाकतं. त्यामुळे अवरक्त चित्रात शेत लखलखतं आणि शेजारचं पाणी काळंकुट्ट दिसतं.

भारतात दूरसंवेदनाची, म्हणजे दुरून फोटो घेऊन जमीन वाचण्याची, सुरुवात याच प्रकाशाने झाली. १९७०च्या सुमारास शास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातल्या नारळबागांचे हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर फोटो घेतले. 'रूट विल्ट' रोग लागलेली झाडं त्यात वेगळी उठून दिसली.

ओढ्याची अडचण अशी की तो ठिपक्यात मावत नाही, किंवा खरं तर ठिपकाभर होतच नाही. चार मीटर रुंदीचं पाणी, बाजूची करंजाची सावली, काठापर्यंत आलेला ऊस असं सगळं एकाच गुंठ्यात कालवलं जातं. म्हणून जाणकार ओढ्याचं पाणी पाहण्याआधी त्याचा काठ पाहतात. एप्रिलमध्ये रब्बी निघालेली असते, रानं उघडी पडलेली असतात. अशा वेळी उंबर, जांभूळ, करंज यांची हिरवी रेघ चित्रात आपोआप उमटते. ती जिथे तुटते तिथे बहुधा नांगर थेट पाण्यापर्यंत पोचलेला असतो. पावसात माती तिथूनच उतरते, आणि मातीबरोबर खतही.

त्या खताचा माग काढणं हा या विद्येतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग. पान किती प्रकाश परतवतं याचा आलेख काढला, तर ६८० ते ७५० नॅनोमीटरच्या दरम्यान तो किल्ल्याच्या कड्यासारखा उभा चढतो. नत्र कमी पडून हरितद्रव्य घटलं की हा कडा कमी तरंगलांबीकडे सरकतो, कधीकधी पिवळेपणा डोळ्याला जाणवायच्याही आधी. सेंटिनेल-२चा ७०५ नॅनोमीटरचा रंग या चढणीवरच बेतलेला आहे. आता पाण्याकडे या. तिथे सूक्ष्म शेवाळ माजलं की त्यातलं हरितद्रव्य ६७५च्या आसपासचा तांबडा प्रकाश खातं, आणि जरा पुढे गेलं की पाणी स्वतःच प्रकाश गिळू लागतं. या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत, ७००-७१०च्या आसपास, एक लहानसा उंचवटा उरतो. शेवाळ जितकं दाट, तितका तो उंच. म्हणजे तोच ७०५चा रंग बांधाच्या अलीकडे पिकाची भूक सांगतो आणि पलीकडे पाण्याचं अजीर्ण. पिकाने न उचललेला युरिया वाहून गेला की जे हरितद्रव्य उसाच्या पानात वाढायचं ते बंधाऱ्याच्या पाण्यात वाढतं. हा रंग २० मीटरच्या ठिपक्यांत मिळतो, त्यामुळे ओढ्यापेक्षा बंधाऱ्यात आणि धरणात तो जास्त उपयोगी. उजनी धरणाच्या हिरव्या पाण्यावर तो छान चालतो. मात्र भीमेतून तिथे शेतीच्या जोडीला पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणीही येतं, आणि दोष कुणाचा किती हे रंग सांगत नाही.

हिरवा रंग फसवतोही. जलपर्णीने नदी झाकली की चित्रात नदीच्या जागी चक्क शेत दिसतं. सांडपाण्याच्या नाल्याकाठी माजलेली बेशरम मे महिन्यातही टवटवीत असते. एका फोटोवरून यातलं काही उलगडत नाही, वर्षभराचे फोटो ओळीने लावले की उलगडतं. सोयाबीन शंभरेक दिवसांत चढून उतरतं. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने हिरवा राहतो आणि तोड झाली की एकदम कोसळतो. जलपर्णीला पेरणी नाही, काढणी नाही. ती पहिल्या मोठ्या पुरात गायब होते. उजनीच्या कडेला तर एकच ठिपका ऑक्टोबरात पाणी असतो आणि उन्हाळ्यात गाळपेराचं पीक. तिथे घातलेल्या खताला ओढ्यापर्यंत जायचीही गरज नाही, पावसाळ्यात धरणच चालून येतं.

पावसाळ्यात माती वाहते तेव्हाच नेमके ढग आड येतात. तिथे रडार कामाला येतं. सेंटिनेल-१च्या साडेपाच सेंटिमीटरच्या लहरी ढगातून आरपार जातात. शांत पाण्यावरून त्या भलतीकडे निसटतात म्हणून पाणी काळं दिसतं, ओली माती कोरडीपेक्षा उजळ. ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोटाहून निघालेल्या निसार या रडार-उपग्रहाची एक लहर तर २४ सेंटिमीटरची आहे. ती पानोळ्यातून आणखी खाली उतरते.

एवढं सगळं असून पाण्यात विरघळलेलं नायट्रेट कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही. त्याला रंगच नाही. प्राणवायूही दिसत नाही. त्यासाठी कुणीतरी बाटली घेऊन ओढ्यात उतरायलाच हवं. पण कुठे उतरायचं, हे घरबसल्या ठरवता येतं. सेंटिनेलचे फोटो दाखवणारं कोपर्निकस ब्राउझर हे संकेतस्थळ सर्वांना मोफत आहे. त्यात आपल्या गावचा एप्रिलमधला स्वच्छ दिवस काढायचा, काठाची रेघ जिथे तुटते ती जागा शोधायची आणि एक बाटली तिच्या वरच्या अंगाला भरायची, दुसरी खालच्या.