व्हीलचेअर चालवण्याचे शिक्षण

व्हीलचेअर मिळाली की हालचालीचा प्रश्न सुटला, असा सर्वसाधारण समज असला, तरी उंबरठा, उतार आणि खडी पार करता येत नसेल, तर ती घरातच अडकून पडते. या उणिवेवर कॅनडातील हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात डॉ. ली कर्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोलाचे संशोधन केले असून, कौशल्यांची चाचणी आणि तिला जोडलेला प्रशिक्षणक्रम हे त्याचे फलित होय. त्यातील ‘व्हीली’ हे कौशल्य, म्हणजे पुढची लहान चाके उचलून केवळ मागच्या मोठ्या चाकांवर तोल सांभाळणे, दिसायला कसरतीसारखे असले, तरी खडीत रुतणारी लहान चाके त्यामुळेच मोकळी राहतात; शिकताना खुर्ची मागे उलटू नये म्हणून प्रशिक्षक तिच्या चौकटीला बांधलेला पट्टा हाती धरून मागे उभा राहतो. यादृच्छिक चाचण्यांत, म्हणजे सहभागींची गटवारी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे करून घेतलेल्या चाचण्यांत, असे प्रशिक्षण घेतलेल्यांची कौशल्ये अधिक सुधारलेली आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या मार्गदर्शक सूचनांतही वापरकर्त्याचे प्रशिक्षण हा सेवेचा आवश्यक टप्पा मानला आहे. आपल्याकडील मोफत वाटप शिबिरांच्या आयोजकांनी खुर्चीसोबत हे प्रशिक्षणही द्यावे.