परिचर्या शिक्षणातील मूलभूत औषधशास्त्र : विंचूदंश व प्राझोसिनच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
परिचर्या अभ्यासक्रमात औषधशास्त्र हा विषय बहुधा औषधांची नावे, मात्रा व दुष्परिणाम यांच्या पाठांतरापुरता मर्यादित राहतो. औषध लिहून देण्याचा अधिकार वैद्यकीय अधिकाऱ्याचा असला, तरी ते रुग्णाला प्रत्यक्ष देणारा हात परिचारिकेचा असतो. परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावातून गंभीर रुग्णाला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत न्यावयाचे झाल्यास मधला प्रत्येक तास मोलाचा ठरतो. म्हणूनच औषधशास्त्राची मूलतत्त्वे ग्रामीण जीवनातील उदाहरणातून शिकविणे अगत्याचे आहे. विंचूदंशावरील प्राझोसिन हे असे एक उदाहरण होय.

पार्श्वभूमी :
मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने, विशेषतः लहान मुले, फुप्फुसात पाणी साचून दगावत असल्याचे त्यांनी रुग्णांच्या शेजारी बसून नोंदविले. रक्तदाबावरील प्राझोसिन या औषधाचा विंचूदंशातील उपयोग त्यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून मांडला. या उपचारानंतर मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

औषधाची क्रिया :
लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. परिणामी स्वायत्त मज्जासंस्था अनावर होते. प्रथम उलट्या, भरपूर घाम व लाळ ही लक्षणे दिसतात. पुढे अ‍ॅड्रेनॅलिनसदृश द्रव्यांचा लोट उसळून रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हातपाय गार पडतात व हृदयावर असह्य ताण येतो. प्राझोसिन रक्तवाहिन्यांवरील आल्फा-१ रिसेप्टर अडविते. त्यामुळे वाहिन्या सैलावतात आणि हृदयाचा भार हलका होतो.

येथे विद्यार्थ्यांची एक गफलत होण्याचा संभव असतो. घाम व लाळ पाहून अ‍ॅट्रोपिन द्यावे, असे वरवर तर्कसंगत वाटते. परंतु अ‍ॅट्रोपिन हृदयगतीवरील नैसर्गिक लगाम काढून घेते व आधीच धावणाऱ्या हृदयाला अधिक पळविते. लक्षण पाहून नव्हे, तर यंत्रणा जाणून औषध समजून घ्यावे, हा धडा यातून मिळतो.

मात्रा व गणित :
मुलांमध्ये प्राझोसिनची मात्रा वजनाच्या दर किलोस ३० मायक्रोग्रॅम अशी दिली जाते. १६ किलो वजनाच्या बालकास ३० × १६ = ४८० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४८ मिलिग्रॅम लागतील. व्यवहारात १ मिलिग्रॅमच्या साध्या गोळीचा अर्धा भाग. दशांशचिन्हापूर्वीचे शून्य गाळून ‘.५’ असे लिहिल्यास ते ‘५’ वाचले जाऊन मात्रा दसपट होऊ शकते. दीर्घकाळ स्रवणारी गोळी तोडून वा कुटून देणे सर्वथा वर्ज्य आहे. कारण अनेक तासांसाठीचे औषध एकदम रक्तात उतरते.

औषधाचे अर्धायुष्य साधारणतः दोन ते तीन तासांचे असते. हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी मात्रा पुन्हा का द्यावी लागते, याचे उत्तर या अर्धायुष्यात आहे.

परिचारिकेची निरीक्षणे :
योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ हे पाच निकष येथे जिवंत होतात.
१) केवळ दंशस्थानी वेदना असल्यास प्राझोसिन दिले जात नाही, ते वेदनाशामक नव्हे.
२) पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. म्हणून रुग्णास झोपवून ठेवावे. बालकास कडेवर उचलून घेऊ देऊ नये.
३) नाडी, रक्तदाब, श्वसन व हातापायांचे तापमान वेळेसह नोंदवावे.
४) औषध दिल्यावर उलटी झाल्यास ते तत्काळ वैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे, पुढील मात्रेचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

ज्ञानाची अद्ययावतता :
महाड येथील ७० रुग्णांवरील अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्राझोसिनसोबत विंचूप्रतिविष दिलेले रुग्ण केवळ प्राझोसिन दिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाल्याचे आढळले. जो उपचार काल क्रांतिकारक होता, त्यातही भर पडत असते. म्हणून पाठ्यपुस्तक हा औषधशास्त्राचा आरंभ समजावा, शेवट नव्हे.

समारोप :
रिसेप्टर, मात्रा, अर्धायुष्य, दुष्परिणाम व निषिद्धता या पाचही संकल्पना एकाच गोळीच्या आधारे शिकविता येतात. अध्यापकांनी प्रत्येक घटकासाठी असे परिसरातील एखादे उदाहरण निवडून मात्रेचे गणित विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष सोडवून घ्यावे. ‘का’ हे उमगलेली परिचारिका ‘किती’ व ‘केव्हा’ सहसा विसरत नाही. शिवाय चुकीचा आदेश हाती आल्यास तो देण्यापूर्वी थांबून विचारण्याचे धैर्यही तिला याच ज्ञानातून लाभते.