वाहत्या रक्ताचा दाटपणा

दिवाळीच्या आधी घराला रंग देणाऱ्या कारागिराकडे थोडा वेळ पाहावे. डब्यातला रंग चांगला दाट असतो. ब्रश फिरू लागला की तो सहज पसरतो, आणि ब्रश उचलला की भिंतीवर जिथल्या तिथे थांबतो, ओघळत नाही. पाण्याचे तसे नाही. पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, हळू ढवळा की जोरात, तेवढीच राहते. न्यूटनचा हा नियम रंग पाळत नाही, छपाईची शाई पाळत नाही आणि आपले रक्तही पाळत नाही.

शाईचे नाव उगाच घेतलेले नाही. रक्तासाठी आजही वापरले जाणारे एक समीकरण कॅसन यांनी १९५९ साली मांडले, ते छपाईच्या शाईसाठी. तेलातले रंगद्रव्याचे कण सावकाश प्रवाहात एकमेकांना धरून राहतात आणि वेग वाढला की सुटे होतात, हे त्यामागचे चित्र. कॅरो यांचे दुसरे प्रसिद्ध समीकरण तर पॉलिमरच्या अभ्यासातून आले. निरोगी रक्तासाठी त्यात सर्रास घातले जाणारे आकडे बोलके आहेत. जवळजवळ थबकलेल्या रक्ताची श्यानता ५६ मिलिपास्कल-सेकंद, वेगाने धावणाऱ्या रक्ताची ३.४५. याच मापात खोलीच्या तापमानाचे पाणी १ च्या आसपास येते. म्हणजे एकाच माणसाच्या त्याच रक्तात सोळा पटींचा फरक! 'माझे रक्त दाट आहे का?' असे कोणी विचारले तर 'कोणत्या वेगाला?' असे उलट विचारायला हवे. (आपण ज्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या म्हणतो, त्या गुठळी होऊ नये म्हणून असतात; या अर्थाने त्या रक्त पातळ करत नाहीत.)

हा फरक येतो कुठून? शु चिएन यांनी १९७० साली एका सुरेख प्रयोगाने ते दाखवले. त्यांनी तीन नमुने घेतले. पहिल्यात तांबड्या पेशी त्यांच्या नेहमीच्या प्लाझ्मात होत्या. दुसऱ्यात त्याच पेशी अशा द्रवात होत्या, की ज्यात त्या एकमेकींना चिकटू शकत नाहीत. तिसऱ्यात पेशी रसायनाने कडक केलेल्या होत्या. पहिला नमुना सावकाश हलवला तर फार दाट, कारण संथ प्रवाहात पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर रचल्या जातात. वेग वाढला की चळती मोडतात आणि सुट्या पेशी ताणल्या जाऊन प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात. दुसऱ्यात चळती नव्हत्याच, म्हणून तो संथ वेगालाही तितका दाट झाला नाही. तिसरा नमुना मात्र कितीही वेगाने हलवला तरी पातळ होईना. रक्ताला वेगात पातळ करणारी गोष्ट म्हणजे पेशींची लवचीकता.

हा तिसरा नमुना विदर्भात प्रयोगशाळेबाहेर भेटतो. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ सालची, निलगिरीतल्या आदिवासींमधली. शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिले ते १९५८ साली. आज नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत कितीतरी आदिवासी आणि दलित घरांत 'एएस' म्हणजे वाहक आणि 'एसएस' म्हणजे ग्रस्त, ही अक्षरे प्रयोगशाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीलाही ठाऊक असतात. सोयरीक जुळवताना ती विचारली जातात.

एसएस रुग्णाच्या हिमोग्लोबिनमध्ये एका साखळीतले सहावे अमिनो आम्ल बदललेले असते. एवढ्यानेच, प्राणवायू सोडून दिल्यावर त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब काड्या बनतात, आणि पेशी आतून ताठ होते. मात्र काड्या बनायला थोडा अवधी लागतो. तेवढ्यात पेशी केशवाहिनीतून निसटून फुफ्फुसाकडे परतली तर बचावते. अडकली तर तिथेच कडक होते, मागच्यांची वाट अडवते, प्रवाह आणखी मंदावतो. निरोगी रक्तातल्या चळती एका रेट्याने मोडतात. हा दाटपणा रेट्याने मोडत नाही. तो अवधी किती, हे पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या तीव्रतेवर इतके अवलंबून असते, की अंगातले पाणी थोडे कमी झाले तरी तो झपाट्याने घटतो. आमच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, शेतावर किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या एसएस तरुणाला 'पाणी पीत जा' असे सांगतात, ते केवळ उन्हाळ्याचा रिवाज म्हणून नव्हे.

सगळ्यात अवघड गाठ रक्त चढवण्याची. 'हिमोग्लोबिन सातच आहे डॉक्टर, दोन बाटल्या चढवून टाका ना,' ही नातेवाइकांची विनंती वॉर्डात हमखास ऐकू येते, आणि ती चुकीची वाटत नाही. पण पेशी वाढल्या की श्यानता वाढते, तीही पेशींच्या प्रमाणापेक्षा जास्त वेगाने. ताठ पेशींच्या रक्तात पेशी कमी असणे हेच काही अंशी प्रवाहाला सांभाळून घेत असते. म्हणून अशा रुग्णात हिमोग्लोबिन साधारण १० च्या वर जाऊ न देण्याचा दंडक आहे. पक्षाघातासारख्या प्रसंगी नुसते रक्त चढवण्याऐवजी रुग्णाचे रक्त काढत काढत दुसरे भरतात, तेही याच हिशेबाने. इथे एक बाटली जास्त म्हणजे ऊतींना प्राणवायू कमी, असेही होऊ शकते.

हायड्रॉक्सीयुरिया हे औषध दुसऱ्या बाजूने काम करते. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन ते वाढवते, आणि त्याच्या सोबतीत काड्या सहज जुळत नाहीत. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी दर किलो वजनाला १० मिलिग्रॅम, अशा कमी आणि ठरावीक मात्रेत ते तीव्र आजार असलेल्या मुलांना देऊन पाहिले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वेदनांचे झटके कमी झालेले दिसले. डोस थोडा-थोडा वाढवत वारंवार तपासण्या करणे दूरच्या गावातल्या कुटुंबाला झेपत नाही, त्यामुळे ठरावीक मात्रेचे मोल इथे जास्त.

आता समीकरणांकडे परत. अभियांत्रिकीचा विद्यार्थी संगणकावर धमनीतला प्रवाह काढायला बसतो तेव्हा यादीतून 'कॅरो' निवडतो आणि ५६ व ३.४५ हे आकडे घालतो. निरोगी माणसाच्या मोठ्या धमनीसाठी ते चालते. एसएस रक्तासाठी मात्र प्राणवायू किती उरला आणि पेशीला तिथे पोचून किती वेळ झाला, हेही समीकरणात यावे लागते. नुसता वेग पुरत नाही. रुग्णाच्या हातातल्या नेहमीच्या अहवालात हिमोग्लोबिनचा आकडा असतो, हेमॅटोक्रिटचा असतो. श्यानतेचा रकाना नसतो.