पावत्या दाखवून किंमत मिळत नाही: मॉडिफाय केलेल्या कॉर्व्हेटचा हिशोब

किंमत कशी ठरवायची, या व्हिडिओत मी शेवटी घाईघाईत कॉर्व्हेट गाडीचं उदाहरण दिलं होतं. ते इथे नीट उलगडून सांगतो. गाडी अमेरिकेतली आहे, पण तुम्ही दुकान, फूड स्टॉल किंवा वर्कशॉप टाकणार असाल तर हा हिशोब तुमच्या कामाचा आहे.

कॉर्व्हेट म्हणजे शेव्हरोलेची दोन सीटची स्पोर्ट्स कार. १९५३ साली मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात पहिल्या ३०० गाड्या बनल्या, सगळ्या पांढऱ्या. बॉडी पत्र्याची नाही, फायबरग्लासची. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता असं समजा की एकाने १९७० च्या दशकातली कॉर्व्हेट २० हजार डॉलरला घेतली. नवं इंजिन, नवा गिअरबॉक्स, रुंद टायर बसावेत म्हणून फुगवलेले मडगार्ड, खास रंग, चामड्याच्या सीट्स असं करत वर आणखी ६० हजार घातले. (आकडे फक्त समजण्यापुरते.) एकूण झाले ८० हजार. मग गाडी विकायला काढली आणि जाहिरातीत लिहिलं, "८० हजार घातलेत, सगळ्या पावत्या आहेत, ७५ ला देतो." त्याच्या मते तो पाच हजारांचा तोटा सोसून उपकार करतोय. घेणारा काय वाचतो? या माणसाचा पैसा अडकलाय, भाव पाडायला वाव आहे. पावती फक्त तुमचा खर्च सिद्ध करते. घेणाऱ्याला त्या वस्तूचा उपयोग किती, हे तिच्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

मग मॉडिफाय करणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं का? सरसकट नाही. इथेच खरी गंमत आहे.

१९६३ च्या कॉर्व्हेट कूपेला मागची काच दोन भागांत होती, मधोमध उभी पट्टी. दिसायला झकास, पण आरशात बघितलं की नेमकी पट्टीच आडवी यायची. १९६४ ला कंपनीने ती काढून अखंड काच दिली. मग १९६३ च्या काही मालकांनी काय करावं? आपल्या गाडीची पट्टी कापली आणि अखंड काच बसवून घेतली! त्या वेळी त्यांना वाटलं, गाडी सुधारली. पण पट्टीवाली कूपे फक्त त्या एकाच वर्षी बनली, १०,५९४ गाड्या. आज संग्राहक धावतात ते त्या पट्टीसाठीच. ज्यांनी ती कापली, त्यांनी पदरचे पैसे मोजून गाडीतली सगळ्यात मौल्यवान गोष्ट काढून टाकली.

संग्राहकांचा दुसरा हट्ट म्हणजे इंजिनवर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. त्याला ते 'मॅचिंग नंबर्स' म्हणतात. मूळ इंजिन भंगारात गेलं की या गिऱ्हाइकासाठी तुमच्या गाडीची किंमत घसरलीच.

आता उलट बाजू. १९७५ च्या कॉर्व्हेटचं साधं इंजिन होतं फक्त १६५ हॉर्सपॉवरचं. प्रदूषणाच्या नियमांनी त्या काळातल्या इंजिनांचा दम काढला होता. २००८ च्या कॉर्व्हेटचं इंजिन ४३० चं. १९६८ ते १९८२ या पिढीच्या पाच लाखांवर गाड्या बनल्या, म्हणजे दुर्मिळ म्हणावी अशीही ती नाही. अशा गाडीत नवं इंजिन बसवलं तर तुम्ही एक खरी अडचण सोडवलीत, आणि ती अडचण असलेली गिऱ्हाइकं बरीच आहेत. रूप जुनं, चालवायला नवी, अशा गाडीला तिथे 'रेस्टोमॉड' म्हणतात. नाव असलेल्या कारागिराने केलेली चांगली रेस्टोमॉड दणकून पैसे मिळवते. जांभळा रंग आणि कवटीच्या आकाराचा गिअर नॉब मात्र फक्त तुमची हौस. हौस जरूर करा, पण ती विक्रीच्या किमतीत धरू नका.

म्हणून खर्च करायच्या आधी माझा पहिला प्रश्न असतो, हा बदल परत फिरवता येईल का? चाकं बदललीत, जुनी माळ्यावर ठेवलीत, तर काहीच बिघडलं नाही. मूळ इंजिन जपून ठेवलंत आणि गाडीसोबत दिलंत, तर निदान घेणाऱ्याला पर्याय राहतो. पण फायबरग्लासचं मडगार्ड कापून फुगवलंत, की ते पुन्हा मूळ रूपात आणायला मोठं काम निघतं. तेव्हा घेणारा तुमच्यासारख्याच आवडीचा हवा, आणि तसे लोक मोजकेच.

(एक सूचना: आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही. त्यामुळे हे वाचून उद्याच मॉडिफिकेशनचं गॅरेज टाकू नका.)

"पण सर, बॅटमॅनची गाडी?" हो, तीही कस्टमच. लिंकन फ्युचुरा ही १९५५ ची प्रदर्शनातली गाडी जॉर्ज बॅरिस यांनी एक डॉलरला घेतली आणि १९६६ च्या टीव्ही मालिकेसाठी तिची बॅटमोबिल केली. जानेवारी २०१३ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलला बॅरेट-जॅक्सनच्या लिलावात तिच्यावर ४२ लाख डॉलरची बोली लागली, कमिशन धरून ४६.२ लाख. पण ते पैसे बॉडीच्या कामाचे नव्हते हो. कोट्यवधी लोकांनी ती गाडी पडद्यावर पाहिली होती, त्याचे होते.

आता तुमच्याकडे या. स्टॉलच्या गाडीवर लाखभर खर्च करणार असाल, तर वहीत प्रत्येक खर्चापुढे लिहा: याने धंद्यातली अडचण सुटते की माझी हौस भागते? उद्या गाडी विकावी लागली तर हे काढून वेगळं विकता येईल का? स्टीलचा ओटा, बर्नर, डीप फ्रीजर यांना जुन्या बाजारात गिऱ्हाईक मिळतं. तुमच्या नावाची अक्षरं कोरलेल्या काउंटरला कोण घेणार? दुसऱ्या नावाचा माणूस ती घासायचे पैसे उलट तुमच्याकडूनच वळते करून घेईल.