उन्हाळ्याच्या तोंडावर परसदाराची डागडुजी

माघ सरत आला की शेतकरी बांधवांचे सगळे ध्यान वावरात असते. ज्वारीची काढणी, हरभऱ्याची रास, गव्हाची मळणी, एकामागून एक कामे उभी असतात. अशा वेळी परसदाराचा विषय कुणी काढत नाही. गावच्या बैठकीत आम्ही काढला तर उत्तर ठरलेले. "साहेब, वावरातलं काही सांगा, परसातलं बायका बघतात." खरे आहे, बायकाच बघतात. चैत्र-वैशाखात दुपारी दोन वाजता भांडी घासायला, शेण काढायला, म्हशीला पाणी दाखवायला घरची बाईच परसात उभी असते. म्हातारी माणसे, रांगती लेकरे आणि दावणीची जनावरे दुपार तिथेच काढतात. घरातला कर्ता पुरुष त्या वेळी पारावर लिंबाच्या सावलीत असतो. त्यामुळे परसात ऊन किती लागते हे त्याला कळत नाही, आणि खर्चाच्या यादीत परसदार कधी येत नाही.

परसदार सुधारायचे म्हणजे फरशी घालायची असे नव्हे. सावली आणि वापरून झालेले पाणी, एवढ्या दोन गोष्टींची नीट सोय लागली तरी उन्हाळा निम्मा हलका होतो. मात्र हे काम होळीच्या आत व्हायला हवे. पाडवा उलटला की ऊन काम करू देत नाही आणि गडीही मिळत नाही.

आधी सावली

आपल्या मराठवाड्यात पूर्वी माळवदाची घरे होती. जाड मातीच्या भिंती, वर लाकूड आणि मातीचा थर. पावसाळ्यात गळायची, पण उन्हाळ्यात आत गारवा असायचा. आता माळवदे पडली, त्यांच्या जागी पत्रे आले. गोठेही पत्र्याचे झाले. पत्रा स्वस्त आणि टिकाऊ आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण दुपारी त्याच्याखाली उभे राहून बघा. डोके भाजते. ज्या जागी माणसाला पाच मिनिटे उभे राहवत नाही, तिथे आपण गाय दिवसभर बांधतो.

पत्र्यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे चुना. चुनखडी रात्रभर भिजवून गाळून घ्यावी, त्यात थोडे फेविकॉल किंवा डिंकाचे पाणी घालावे, म्हणजे वाऱ्याने निघत नाही, आणि पत्र्याला बाहेरून दोन हात द्यावेत. पांढऱ्या पृष्ठभागावरून ऊन परत फिरते, आतली धग कमी होते. अहमदाबाद शहरात २०१० साली उष्णतेच्या लाटेत फार माणसे दगावली. त्यानंतर तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही हाती घेतले. जे शहराच्या झोपडीला चालते ते आपल्या गोठ्याला का चालू नये? पत्र्यावर चढताना मात्र जपून. गंजलेला पत्रा पाय आत घेतो, त्यामुळे फळी टाकून तिच्यावरच उभे राहावे.

चुन्याच्या जोडीला पत्र्यावर तुराट्यांचा किंवा उसाच्या पाचटाचा थर टाकता येतो. वाऱ्याने उडू नये म्हणून वरून काथ्याने आवळावे. चूल जवळ असेल तर हा थर टाकू नये.

मांडव घालायचा तर बाभळीच्या मेढी, आडवे वासे आणि वर तुराट्या किंवा पऱ्हाट्या, ही आपली जुनी पद्धत आजही चांगलीच आहे. ज्यांना जमेल त्यांनी हिरवी शेडनेट घ्यावी. शेडनेट थेट पत्र्याला चिकटवून टाकण्यात फायदा नाही, मधून वारा खेळायला फूटभर पोकळी हवी. मांडव आठ-नऊ फुटांपेक्षा बुटका करू नये. बुटक्या मांडवाखाली गरम हवा कोंडते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन कमी शिरते. पश्चिमेची बाजू मात्र तट्ट्याने किंवा गोणपाटाने झाकायलाच हवी, कारण तीन ते पाचचे ऊन तिकडूनच येते आणि तेच जास्त भाजते.

जनावरांचे सांगायचे तर एका मोठ्या जनावराला सावलीत निदान ४० चौरस फूट जागा लागते. आपली देशी गाय, लाल कंधारी असो की देवणी, ऊन बरेच सोसते. संकरित गाईला मात्र पारा २६-२७ अंशांच्या वर गेला की त्रास सुरू होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, म्हणजे त्या गाईची अवस्था काय होत असेल याचा विचार करावा. ती वैरण टाकते, धापा टाकते, तोंडातून लाळ गळते, आणि दूध आटते. मग आपण खुराक बदलतो, डॉक्टर बोलावतो. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून ती पाण्यात डुंबायला बघते. डोह राहिले नाहीत, तर निदान दुपारी दोनदा अंगावर पाणी ओतावे किंवा ओले गोणपाट टाकावे. गोणपाट वाळले की काढावे. दुभत्या संकरित गाईला उन्हाळ्यात दिवसाला ७०-८० लिटरपर्यंत पाणी लागते. "दोन वेळा दाखवतो की" असे म्हणून भागत नाही, सावलीत हौद भरलेला असावा आणि तिने हवे तेव्हा प्यावे. हौदाला आतून पंधरा दिवसांनी चुना लावला की शेवाळ धरत नाही. हिरवा चारा सकाळी लवकर, कडबा रात्री गार झाल्यावर टाकावा. गोठ्याच्या भिंतींच्या भेगा याच वेळी लिंपून घ्या. गोचिड तिथेच दडून अंडी घालतात.

सांडपाणी कुणाचे?

आता पाण्याचे. उन्हाळ्यात पाण्याची ओरड असते आणि त्याच गावात गल्लीतून सांडपाण्याचा ओघळ वाहत असतो. ही गोष्ट आम्हाला गावोगाव दिसते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण कुणी विसरलेलो नाही. पण पाण्याचा टँकर आला की पहिली बादली मोरीतून रस्त्यावर जाते, याकडे कुणी बघत नाही.

साधा हिशोब करा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर. त्यातले निम्मे जरी अंघोळीला, भांड्यांना, धुण्याला गेले तरी रोज १३५ लिटरच्या वर पाणी वापरून पुन्हा मोकळे होते. एवढ्या पाण्यावर केळीचे चार-पाच खुंट, अळूचा वाफा आणि दोन शेवगे आरामात जगतात. नळ जिथे घरात आला तिथे हे पाणी वाढलेच आहे, पण गटार मात्र आहे तेवढेच. मग ते शेजाऱ्याच्या दारात तुंबते आणि भाऊबंदकी सुरू होते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे येणाऱ्या तक्रारींत सांडपाण्याच्या किती असतात, हे त्यांनाच विचारावे.

मोरीच्या तोंडाशी आधी एक छोटी टाकी करावी. फुटका रांजण पुरला तरी चालतो. तोंडावर जाळी बसवावी, म्हणजे खरकटे आणि केस अडतात. तिथून पाणी चारीने वाफ्यात न्यावे. केळी, कर्दळ, अळू, शेवगा आणि फुले जयवंतसारखे संकरित नेपियर गवत यांना हे पाणी चालते. कोथिंबीर, मेथी किंवा कच्ची खायची काकडी यांना सांडपाणी देऊ नये, त्यांना चांगले पाणी तांब्याने घालावे. साबणाचे पाणी रोज एकाच बुंध्याशी सोडू नये, चारी आलटून पालटून फिरवावी. संडासचे पाणी या चारीत अजिबात मिसळता कामा नये.

ज्यांच्याकडे वाफ्याला जागा नाही त्यांनी शोषखड्डा करावा. चार फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल. मधे भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड, खाली मोठे आणि वर लहान. नांदेड जिल्ह्यात अशा खड्ड्यांनी गल्ल्या कोरड्या झाल्या आणि डास हटले, हे पुष्कळांनी जाऊन पाहिले आहे. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मुरमाच्या जमिनीत खड्डा झकास चालतो, काळ्या चिकण मातीत पाणी सावकाश मुरते आणि खड्डा भरून येतो. काळ्या रानातल्या गावाने सगळे शोषखड्ड्यावर सोडू नये, झाडांकडेच वळावे. विहीर किंवा बोअरपासून निदान ५० फूट लांब जागा धरावी. शासकीय योजनेतून यंदा काही मदत बसते का, ते ग्रामपंचायतीत विचारावे. खड्डा नसला तरी पाणी साचू देऊ नये. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून रांजण, हौद, कोंबड्यांची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी करावीत. रांजणाच्या तोंडाला फडके बांधावे.

परसबागेत आता लावायचे तर भेंडी, गवार, चवळी, दोडका. भेंडीत परभणी क्रांती ही आपल्याच विद्यापीठाची जात आहे. कारल्याचा किंवा दोडक्याचा वेल मांडवावर सोडला तर भाजीही मिळते आणि सावलीही. आळ्यात पाचट किंवा भुसा पसरावा, पाण्याची पाळी लांबते. एकट्या-दुकट्या झाडाजवळ तळाला बारीक भोक पाडून वात घातलेले मडके पुरून ठेवले तर तेही पुरते.

आग आणि विंचू

कडब्याची गंजी घराला टेकून रचण्याची सवय सोडावी. विजेच्या तारांखाली तर नकोच. फाल्गुनात वारा सुटतो, त्यातच होळी असते. चुलीतली राख गार झाल्याशिवाय उकिरड्यावर टाकू नये. संध्याकाळच्या वाऱ्याने ठिणगी फुलते आणि वर्षाची वैरण तासाभरात जाते. गंजीजवळ पाण्याचा एक पिंप भरलेला ठेवावा.

सरपण भिंतीला लागून जमिनीवर रचू नये. दगडांवर दोन वासे टाकून हातभर उंच रचावे आणि काढताना आधी काठीने हलवावे. उन्हाळ्यात माणसे अंगणात निजतात आणि विंचू-सापही रात्रीच निघतात. विंचू चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून पुष्कळांचे प्राण वाचवले. उपाय आहे, पण तो दवाखान्यात आहे. लेकराला घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर गाडी काढावी.

कोंबड्यांच्या खुराड्यावर दुपारी ओले गोणपाट टाकावे आणि मातीच्या पसरट भांड्यात गार पाणी ठेवावे, ते दुपारी एकदा बदलावे.

आणि ज्यांच्या परसात एकही झाड नाही त्यांनी पश्चिमेच्या अंगाला खड्डे घ्यावेत. तीन फूट लांब-रुंद, तीन फूट खोल, घराच्या पायापासून पंधरा-वीस फूट सोडून. अक्षय्य तृतीयेपर्यंत खोदून उघडे ठेवले की महिनाभर ऊन खातात, कीड मरते. मृगाचा पाऊस पडला की शेणखत-माती भरून एकात लिंब, एकात आंबा लावावा. शेवग्याला थांबायची गरज नाही. मोरीच्या चारीवर त्याचे हातभर जाड फाटे आताच रोवले तरी फुटतात.